म्हातारपणचा पसारा आणि शेजाऱ्यांची उठाठेव

घरांत चार वस्तू गरजेहून अधिक असाव्या, हें आपल्याकडे नुसतें वैभवाचें नव्हे, तर शहाणपणाचें लक्षण मानीत आले आहेत. अडीअडचणीला सुतळीचा तुकडा हाताशीं असावा, अवचित पाहुणा आला तर वाटी कमी पडूं नये, आजाऱ्याच्या अंगाखालीं घालावयास जुनें मऊ लुगडें निघावें, एवढी तरतूद ज्या घरांत नाहीं त्या घरच्या गृहिणीला आपल्या आज्यापणज्या नांवें ठेवीत. कोंड्याचा मांडा करील ती खरी संसारी बाई, या शिकवणीवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. परंतु हीच सवय उतारवयांत कांहीं माणसांच्या ठिकाणीं असें रूप धारण करते कीं, घर माणसासाठीं न राहतां वस्तूंसाठीं राहतें. पलंगावर वर्तमानपत्रांच्या चळती, न्हाणीघरांत रिकामे डबे, ओट्यावर धुऊन वाळविलेल्या दुधाच्या पिशव्यांचे ढीग, आणि या साऱ्यांच्या मधोमध खुर्चीएवढ्या मोकळ्या जागेंत बसलेले आपले काका, आत्या किंवा आजोबा!

हें दृश्य अनेक सुशिक्षित घरांना परिचयाचें आहे; पण त्याविषयीं उघड बोलणें क्वचितच होतें. घरचीं माणसें लाजेनें बोलत नाहींत, आणि शेजारी न विचारतां बोलतात. या दोहोंच्या कात्रींत, ज्याच्या नांवानें हें सारें चाललें असतें तें म्हातारें माणूस मात्र एकटें पडतें. त्याची अब्रूही राहावी आणि घरही राहण्याजोगें व्हावें, असा कांहीं मार्ग आहे काय, याचा थोडा सविस्तर विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संग्रह आणि विकार

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पुष्कळ वस्तू जवळ असणें हा कांहीं रोग नव्हे. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें सांगावयास नको. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास आरंभ करून अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यें, कोरीव दरवाजे अशा सुमारें २०,००० वस्तू जमविल्या, आणि १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. दुसऱ्या कोणी यांतल्या निम्म्या वस्तू अडगळ म्हणून जुन्या बाजारांत धाडल्या असत्या. परंतु केळकरांच्या येथें प्रत्येक वस्तूला नांव होतें, जागा होती, आणि ती चारचौघांनीं पाहावी अशी इच्छा होती. संग्राहक आपली वस्तु दाखवितो. ज्याला विकार जडला आहे तो मनुष्य ती झांकून ठेवितो, आणि पुढें पुढें त्याची त्यालाही ती सांपडत नाहीं.

आपल्या भाषेंत ‘सांठेबाज’ हा शब्द धान्य दडवून काळाबाजार करणाऱ्या व्यापाऱ्याला लागलेला आहे. घरांतल्या वृद्ध माणसाला तो लावणें हा अन्याय होय. व्यापाऱ्याला नफा हवा असतो. या माणसाला वस्तु गेल्याची हुरहूर नको असते. मनोवैद्य याला ‘होर्डिंग डिसऑर्डर’ असें नांव देतात. पूर्वीं हा मंत्रचळाचाच एक प्रकार समजला जाई. अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या संघटनेनें २०१३ सालीं आपल्या निदानग्रंथाची पांचवी आवृत्ति काढली, तींत त्याला प्रथमच स्वतंत्र विकाराचें स्थान मिळालें. जागतिक आरोग्य संघटनेचें जें अकरावें रोगवर्गीकरण २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालें, त्यांतही तो स्वतंत्र गणला आहे. युरोप-अमेरिकेंतील पाहण्यांवरून शंभरांत दोन ते सहा माणसांना तो असावा असा अंदाज आहे, आणि तरुणांहून वृद्धांत तो अधिक आढळतो.

त्याचीं लक्षणें वैद्यांच्या भाषेंत न सांगतां घरच्या भाषेंत सांगूं. वस्तूची किंमत शून्य असली तरी ती हातांतून सुटत नाहीं. सोडावयाचा प्रसंग आला कीं जीव कासावीस होतो. आणि सांठून सांठून घरांतल्या जागांचा मूळ उपयोग बंद पडतो. या तिसऱ्या लक्षणाची परीक्षा कोणालाही करतां येईल. स्वयंपाकघरांत स्वयंपाक होतो काय? अंथरुणावर निजतां येतें काय? न्हाणीघरांत स्नान करतां येतें काय? तिन्ही प्रश्नांचें उत्तर ‘होय’ असेल, तर तो पसारा आहे, आणि पसाऱ्याबद्दल म्हाताऱ्या माणसाच्या मागें लागण्याचें कारण नाहीं. उत्तर ‘नाहीं’ असें येऊं लागलें, म्हणजे मात्र हात घातला पाहिजे.

हात कां सुटत नाहीं?

हा आळस आहे, हा हट्ट आहे, ही कद्रूपणाची परमावधि आहे, असे आरोप घरोघर ऐकूं येतात. वस्तुस्थिति निराळी आहे. २०१२ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका प्रयोगांत अशा माणसांपुढें त्यांचे स्वतःचे आणि परक्याचे असे निरुपयोगी कागद ठेवून, कोणता फाडावा हें ठरवावयास सांगितलें, आणि त्या वेळचे त्यांच्या मेंदूचे व्यापार यंत्रानें टिपले. परक्याच्या कागदांविषयीं मेंदूचे कांहीं भाग नेहमींहून मंद राहिले. स्वतःच्या कागदांविषयीं मात्र तेच भाग प्रमाणाबाहेर खवळले. याचा अर्थ असा कीं, आपल्याला जो निर्णय क्षणाचा, तो त्या माणसाला मोठ्या संकटासारखा भासतो. संकट टाळावयाचें म्हणून तो निर्णयच टाळतो, आणि न घेतलेले निर्णय घरांत ढिगाच्या रूपानें सांचत जातात.

लहानपणीं दारिद्र्य भोगलें म्हणून म्हातारपणीं ही वृत्ति बळावते, अशीही एक समजूत आहे. संशोधकांना दारिद्र्याशीं तिचा तसा सरळ संबंध आढळला नाहीं. आप्ताचा मृत्यु, घर जाणें, अशा आघातांशीं मात्र तो अधिक आढळतो. महाराष्ट्रांत आज ज्यांनीं ऐंशी ओलांडली आहे त्यांच्या आयुष्याकडे या दृष्टीनें पाहावें. कोणाचें घर १९४८ सालीं गांधीवधानंतरच्या जाळपोळींत गेलें. कोणाचा संसार १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरांत एका दिवसांत वाहून गेला. १९७२ च्या दुष्काळांत मिलोच्या भाकरी कोणी खाल्ल्या. अशा सर्वांनाच हा विकार जडतो असें मुळींच नव्हे. परंतु ज्यांना जडला त्यांच्या डब्यांना हात लावण्यापूर्वीं त्यांनीं काय गमावलें हें घरच्यांनीं जाणून घ्यावें.

वस्तूची जाण्याची वाट

याला आणखी एक कारण आहे, आणि तें त्या माणसाच्या मनांत नसून आपल्या राहणींत आहे. जुन्या वाड्यांत वस्तूला येण्याची वाट होती तशी जाण्याचीही वाट होती. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई, गोधडी फाटली कीं पायपुसणें, आणि शेवटीं पोतेरें. चुलीची राख भांडीं घांसावयास, भाजीचीं देठें गाईला, पालापाचोळा परसांतल्या खड्ड्यांत. जुने कपडे बोहारीण घेई व त्यांच्या मोबदल्यांत भांडें देई. दूध आपल्या चरवींत आणि तेल आपल्या बुधलींत येई, त्यामुळें पिशवी किंवा बाटली घरांत शिल्लक राहण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय माळा होता, फडताळें होतीं, कोनाडे होते. एखाद्या आजीनें शंभर बरण्या जमविल्या तरी वीस माणसांच्या वाड्यांत त्या कोठल्या कोठें जिरून जात.

आज वाडा जाऊन त्या जागीं दोन-तीन खोल्यांचें बिऱ्हाड आलें. प्रत्येक जिन्नस स्वतंत्र वेष्टनांत घरीं येऊं लागला. येण्याची वाट रुंद झाली आणि जाण्याची वाट एकच उरली, ती म्हणजे कचऱ्याची बादली. ज्या पिढीनें उभ्या आयुष्यांत कांहीं ‘टाकलें’ नाहीं, त्या पिढीला आपण आतां दररोज ‘टाका, टाका’ म्हणून सांगतों. आमच्या मतें या सबंध प्रश्नाची किल्ली येथेंच आहे. या माणसांना टाकतां येत नाहीं. पण देतां येतें. टाकण्यांत त्यांना पाप वाटतें, देण्यांत पुण्य वाटतें. म्हणून घरच्यांनीं ‘टाका’ हा शब्द आपल्या बोलण्यांतून काढून टाकावा, आणि बंद पडलेल्या देण्याच्या वाटा एकेक करून पुन्हां मोकळ्या कराव्या.

जें कधींच करूं नये

परस्पर सफाई करूं नये. आम्हांस ठाऊक असलेल्या एका घरीं वडील तीर्थयात्रेस गेले असतां मुलांनीं तीन टेंपो भरून सामान बाहेर काढलें, भिंतींना रंग दिला, आणि वडिलांना आनंद होईल अशा अपेक्षेनें दार उघडलें. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं कुलूप बदललें, आणि वर्षाच्या आंत ती खोली पूर्वींहून अधिक भरली. फरक एवढाच कीं, आतां मुलांना तींत प्रवेश नव्हता. मनोवैद्यांचा अनुभवही हाच आहे. सक्तीनें रिकामें केलेलें घर पुन्हां भरतें, आणि विश्वास मात्र पुन्हां भरून येत नाहीं.

पुण्याला हा धडा नवा नाहीं. १८९७ सालीं प्लेगच्या निमित्तानें गोऱ्या सोल्जरांनीं घरोघर शिरून झडत्या घेतल्या, सामान बाहेर काढलें, कित्येकांचें जाळलें. रोग खरा होता आणि सांगितलेला हेतु आरोग्याचा होता. परंतु लोकांच्या मनांत राहिला तो उंबरठा ओलांडल्याचा अपमान, आणि त्याचा शेवट कसा झाला हें सर्वांस ठाऊक आहे. स्वच्छतेच्या नांवाखालीं माणसाच्या माजघरांत बळानें शिरणें हें, शिरणारा परका असो वा पोटचा मुलगा असो, त्या माणसाला सारखेंच लागतें.

कामाची रीत

आमच्या परिचयाचें पुण्यांत एक कुटुंब आहे. घरांतील आत्या निवृत्त शिक्षिका, वय ८४, अविवाहित. जुना वाडा पडून झालेल्या इमारतींत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचें वास्तव्य. भाचा आणि भाचेसून वरच्या मजल्यावर राहतात. खोल्या इतक्या भरल्या होत्या कीं, न्हाणीघरांत जावयास आत्यांना भिंतीला धरून आडवें चालावें लागे. या कुटुंबानें जी रीत अवलंबिली ती आम्हांस अनुकरणीय वाटली.

पहिल्या महिन्यांत त्यांनीं एकही वस्तु घराबाहेर काढली नाहीं. फक्त तीन जागा मोकळ्या केल्या: अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतची वाट, दारापर्यंतची वाट, आणि गॅसच्या शेगडीभोंवतालची हातभर जागा. तेथील वस्तू इकडून तिकडे सरकविल्या एवढेंच. म्हाताऱ्या माणसाला पसाऱ्यापासून खरा धोका पडण्याचा आणि आगीचा असतो. तो टळला कीं बाकीच्या कामाला घाई करण्याचें कारण उरत नाहीं. विजेच्या बटणांपाशीं रचलेले कागद आणि मुदत उलटून गेलेलीं औषधें, या दोन गोष्टी याच टप्प्यांत पाहाव्या. औषधांविषयीं घरच्यांचें न ऐकणारें माणूस डॉक्टरांचें बहुधा ऐकतें.

त्यानंतर दररोज दुपारीं चहापूर्वीं अर्धा तास. एकच माणूस, म्हणजे भाचेसून, एकच कोपरा, आणि निर्णय सर्वस्वीं आत्यांचा. चार जणांनीं मिळून घेरलें म्हणजे मदत राहत नाहीं, पंचनामा होतो. संभाषण साधारण असें चाले:

“आत्या, ही पिशवी उघडूं का?”

“उघड, पण त्यांतलें कांहीं टाकायचें नाहीं हं.”

“टाकायचें नाहींच मुळीं. कुणाला द्यायचें तेवढें तुम्ही सांगा.”

वस्तूंचे तीन वाटे होत: ठेवावयाच्या, द्यावयाच्या, आणि ज्यांविषयीं आज सांगवत नाहीं अशा. या तिसऱ्या वाट्यासाठीं एक खोकें होतें व त्यावर पुढच्या महिन्याची तारीख लिहिलेली असे. निर्णय लांबणीवर टाकण्याची मुभा मिळाली कीं मनावरचा ताण उतरतो आणि उरलेले निर्णय सोपे होतात, असा भाचेसुनेचा अनुभव. द्यावयाचें ठरलें तें त्याच दिवशीं घराबाहेर पडे. रात्रभर दाराशीं राहिलें तर सकाळीं तें पुन्हां आंत आलेलें असे.

एके दिवशीं डालड्याच्या जुन्या डब्यांतून शके १८८३ चें एक पंचांग निघालें. पानें एकमेकांस चिकटून त्याची वीट झाली होती आणि कडांना वाळलेला गाळ होता. पानशेतच्या पुरांतून जें थोडें हातीं लागलें त्यांतलें तें एक. आत्यांनीं त्या दिवशीं आणखी कांहीं पाहिलें नाहीं. भाचेसुनेनें एक लहान पेटी आणली, तींत तें पंचांग ठेवलें, आणि ती पेटी देवघराच्या फळीवर ठेवली. पुढच्या आठवड्यांत आत्यांनीं आपण होऊन साठ-सत्तर रिकाम्या बरण्या काढून दिल्या. राखण्याजोगी एक वस्तु मानानें राखली गेली म्हणजे बाकीच्यांवरची पकड सैल होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

देण्याच्या वाटा कोणत्या? वर्तमानपत्रें रद्दीवाल्याकडे जातात, आणि तो पैसे देतो म्हणून त्यांत ‘टाकल्या’ची भावना नसते. जुनीं सुती लुगडीं गोधड्या शिवणाऱ्या बायकांना हवीं असतात. न वापरलेलीं स्टीलचीं भांडीं, डबे, पेले यांना तर आपल्या परंपरेनें उत्तम दिवस नेमून दिला आहे, तो संक्रांतीचा. संक्रांतीच्या वाणाला आपण ‘देणें’ सुद्धां म्हणत नाहीं, ‘लुटणें’ म्हणतों! त्या घरीं भाचेसुनेच्या हळदीकुंकवाला आत्यांच्या सांठ्यांतल्या वाट्या आणि पेले वाण म्हणून लुटले. प्रत्येक सवाष्णीला, आणि सवाष्ण नसलेल्या बायकांनाही, आत्यांनीं स्वतःच्या हातानें वाण दिलें.

कागदांच्या बाबतींत मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. एकेक कागद उलगडून पाहिल्याविना रद्दींत घालूं नये. जुन्या पाकिटांत मिळकतीचे दस्तऐवज असतात, डब्यांच्या तळाशीं दागिना असतो, लुगड्याच्या घडींत नोटा असतात. त्यांतल्या कांहीं ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं रद्द झालेल्या ५०० आणि १,००० रुपयांच्या निघाल्या तर त्यावरून म्हाताऱ्या माणसाला लाजवूं नये. घराणें जुनें असेल तर मोडी कागदांकडे विशेष पाहावें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ज्या साधनखंडांच्या प्रकाशनास आरंभ केला, तीं साधनें अशाच घराघरांतल्या दप्तरांतून मिळालेलीं होतीं. त्यांच्या पुढाकारानें १९१० सालीं पुण्यांत स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ अशा कागदांची पारख जाणतें. आजोबांच्या पेटाऱ्यांतलें रुमाल मंडळाच्या दप्तरखान्यांत गेलें, तर आजोबांना तें टाकल्यासारखें न वाटतां मान मिळाल्यासारखें वाटेल.

शेजारी: तक्रार, कुतूहल आणि स्वार्थ

आतां शेजाऱ्यांकडे वळूं. घरांतलें काम हळूहळू मार्गीं लागत असतां बाहेरून जो गोंगाट होतो, तोच पुष्कळदां सारें बिघडवितो. आत्यांच्या इमारतींतही एका गृहस्थांनीं उघड्या दारांतून आंतल्या खोलीचें छायाचित्र घेऊन तें इमारतीच्या व्हॉट्सॲप-गटावर टाकलें, एका बाईंनीं भंगारवाल्याला परस्पर आत्यांच्या दाराशीं पाठविलें, आणि जिन्यांत भेटेल तो भाच्याला विचारी, “काय हो, तुमच्या आत्यांचें कांहीं करणार कीं नाहीं?” परिणाम असा झाला कीं, आत्यांनीं पंधरा दिवस दार उघडलें नाहीं.

शेजाऱ्यांच्या बोलण्याचे तीन प्रकार करून प्रत्येकाला निराळें उत्तर द्यावें, असें आमचें मत आहे.

पहिली खरी तक्रार. जिन्यांत सामान आलें, उंदीर-झुरळें दुसऱ्याच्या घरांत शिरलीं, दुर्गंधि सुटली, आगीचें भय निर्माण झालें, तर बोलण्याचा शेजाऱ्यांना पूर्ण अधिकार आहे. जिना, बोळ, गच्ची हीं सर्वांचीं. अशा तक्रारीवर वाद न घालतां ती तत्काळ मान्य करावी, दिवस नेमून द्यावा, आणि तो पाळावा. “जिन्यांतला भाग आम्ही रविवारपर्यंत मोकळा करतों, आंतलें आमच्याकडे सोंपवा,” एवढें एक वाक्य पुरे. तें घरांतल्या एकाच माणसानें बोलावें. भाऊ एक सांगतो, वहिनी दुसरें सांगते, असें झालें कीं शेजाऱ्यांस पंचाईत करावयाला वाव मिळतो. आत्यांच्या जिन्यांतलीं आठ पोतीं त्या रविवारीं खरोखरच हललीं, आणि निम्मीं तोंडें त्याच दिवशीं मिटलीं.

दुसरें कुतूहल. याला खुलासा देण्याचें बंधन कोणावर नाहीं. आजाराचें नांव, डॉक्टरांचें म्हणणें, घरांत काय निघालें, यांतलें कांहीं जिन्यांत सांगूं नये. आज सहानुभूतीनें ऐकलेलें उद्यां चव्हाट्यावर येतें. छायाचित्राबद्दल मात्र गप्प बसूं नये. तें काढून टाकावयास स्पष्ट पण शांत शब्दांत सांगावें, शक्य तों समक्ष भेटून. गटावर उत्तर दिलें कीं तेथें तमाशा उभा राहतो. कुतूहलाचा अतिरेक कोठवर नेतो याचें एक भयंकर उदाहरण न्यूयॉर्क शहरांत घडलें आहे. तेथें होमर व लँग्ली कॉलियर नांवाचे दोघे भाऊ आपल्या वडिलार्जित घरांत वस्तूंचे डोंगर रचून राहत. त्यांच्यापाशीं गुप्तधन आहे अशा कंड्या उठल्या, पोरें खिडक्यांवर दगड मारूं लागलीं, चोर येऊं लागले. भावांनीं खिडक्या ठोकून बंद केल्या आणि चोरांसाठीं सामानांत सांपळे लावले. १९४७ च्या मार्चमध्यें पोलिसांनीं आंत प्रवेश केला तेव्हां अंध झालेला होमर मरून पडला होता. लँग्लीचें प्रेत पुढें एप्रिलमध्यें त्याच्यापासून कांहीं फुटांवर, स्वतःच लावलेल्या सांपळ्याखालीं सांपडलें. घरांतून शंभर टनांहून अधिक सामान निघालें. विकार त्यांचा होता. परंतु दारें-खिडक्या बंद करून घेण्यास बाहेरच्या उपद्रवानेंही हातभार लावला, हें विसरतां येत नाहीं.

तिसरा स्वार्थ. इमारतीच्या पुनर्बांधणीच्या वाटाघाटी चालू असल्या म्हणजे एखाद्या वृद्धाच्या पसाऱ्याचा बोभाटा एकाएकीं वाढतो, हें सूज्ञांस सांगावयास नको. अशा वेळीं तोंडीं कांहीं बोलूं नये. सभेंत जें असेल तें लेखी मागावें, लेखी उत्तर द्यावें, आणि म्हाताऱ्या माणसाची सही कोठेंही एकांतांत होऊं देऊं नये.

याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, शेजारी म्हणजे निव्वळ उपद्रव नव्हे. रात्रीं धूर आला तर पहिली हांक तोच मारणार. सकाळीं दार उघडलें नाहीं तर पहिली चौकशी तोच करणार. म्हणून त्याला दूर लोटण्यापेक्षां काम नेमून द्यावें. ज्या बाईंनीं भंगारवाला पाठविला होता, त्यांनाच भाचेसुनेनें विनंती केली, “काकू, मी नसतें तेव्हां दुपारीं आत्यांकडे दहा मिनिटें बसाल का? पसाऱ्याचें मात्र कांहीं बोलूं नका.” संक्रांतीला त्या काकू आत्यांच्या हातचें वाण घेऊन गेल्या. ज्या घरची वस्तु आपल्या घरांत मानानें आली, त्या घराविषयीं वेडेंवाकडें बोलावयास जीभ थोडी अडखळतेच.

वैद्य आणि कायदा

कांहीं वेळां प्रेम आणि चिकाटी यांनीं भागत नाहीं. या विकाराचें मूळ बहुधा तरुणपणापासून असतें व वयाबरोबर तें वाढत जातें. म्हणून ज्या माणसाचें घर सत्तर वर्षें नीटनेटकें होतें त्याच्याच येथें एकाएकीं ढीग दिसूं लागले, तर ती निराळी खूण समजावी. स्मृतिभ्रंश, औदासीन्य किंवा मेंदूचा एखादा आजार त्यामागें असूं शकतो, आणि तेथें डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये. मूळच्या विकारावर विचार व वर्तन यांना हळूहळू वळण लावणारी उपचारपद्धति आहे. ती या विकारासाठीं मुद्दाम बेतलेली असावी लागते. नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवूं नये.

“आमच्या आजोबांना कोठेंतरी दाखल करून तोंवर घर साफ करतों,” असें म्हणणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, २०१७ सालीं झालेल्या आणि २०१८ च्या मे महिन्यापासून अंमलांत असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, समज शाबूत असलेल्या माणसाला आपल्या उपचारांविषयीं निर्णय घेण्याचा हक्क दिलेला आहे. एखाद्या विकाराचें नांव लागलें एवढ्यानें तो हक्क जात नाहीं. सल्ला हवा असल्यास सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे; तिचा क्रमांक १४४१६. वृद्धांसाठीं असलेल्या ‘एल्डरलाइन’चा क्रमांक १४५६७. डॉक्टरांकडे जावयास म्हातारें माणूस तयार नसलें, तरी घरच्यांनीं स्वतः विचारपूस करावयास कांहीं हरकत नाहीं.

शेवटीं अपेक्षेविषयीं एक शब्द. आत्यांच्या खोल्या आजही कोणा पाहुण्याला नीटनेटक्या वाटणार नाहींत. दोन वर्षांत निम्मा पसारा गेला, निम्मा आहे. परंतु आत्या न्हाणीघरांत सरळ चालत जातात, शेगडीवर स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि दुपारीं दार उघडें ठेवून बसतात. एवढें साधलें म्हणजे पुष्कळ साधलें. ज्यांच्या घरीं असें एखादें वडील माणूस आहे त्यांनीं पुढच्या संक्रांतीची वाट न पाहतां उद्यांच दुपारीं अर्धा तास काढावा, त्यांच्यापाशीं बसावें, आणि एकच डबा मध्यें घेऊन विचारावें: हें कुणाला द्यावें, असें तुमच्या मनांत आहे? उत्तर पहिल्या दिवशीं मिळणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें.